जुन्या साय-फाय मालिका रीमास्टर करताना नवे सीजी इफेक्ट्स: कुठपर्यंत चालतील?

फिल्मग्रेन

नमस्कार मंडळी. दुसऱ्या एका धाग्यावर 'मूळची स्टार ट्रेक बघायची तर रीमास्टर्डच बघा, जुने इफेक्ट्स आता बघवत नाहीत' असा प्रतिसाद वाचला आणि तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. १९६६ ते १९६९ या काळातली मूळ मालिका, ७९ भाग, सगळी ३५ एमएम फिल्मवर शूट झालेली. २००६ मध्ये चाळिशीच्या निमित्ताने सीबीएस डिजिटलने ती एचडीत आणायला घेतली. नटांचे सीन निगेटिव्हवरून स्कॅन केले, ते इतके स्वच्छ निघाले की कपड्याची वीण दिसते. पण इफेक्ट्सचे शॉट्स तसे निघणं शक्यच नव्हतं, कारण ते ऑप्टिकल प्रिंटरवर तयार झालेले. म्हणजे जहाजाची फिल्म वेगळी, ताऱ्यांची वेगळी, ग्रहाची वेगळी, आणि एकेक थर पुन्हा पुन्हा फोटोग्राफ करून एका फिल्मवर आणायचा, दर वेळी ग्रेन (फिल्मचे रवे) वाढतो, धूळ बसते, कडेला मॅटची, म्हणजे थर जोडताना बाकीचं चित्र झाकणाऱ्या आकाराची, रेघ उमटते. साध्या टीव्हीवर हे खपून जायचं, एचडीत एका कटमध्ये चेहरा लख्ख आणि पुढच्या कटमध्ये जहाज रवाळ दिसतं. म्हणून त्यांनी अवकाशातले जवळपास सगळे शॉट्स सीजीत, म्हणजे संगणकावर, नव्याने केले. हे का केलं ते मला पूर्ण समजतं आणि मायकल ओकुडा, डेनिस ओकुडा, डेव्हिड रॉसी ही त्यामागची माणसं या मालिकेवर जीव असलेली होती हेही मान्य.

माझी तक्रार पुढची आहे. २००९ च्या ब्लू-रेवर दोन्ही आवृत्त्या होत्या, जुने इफेक्ट्सही नीट स्कॅन करून दिलेले, तुम्ही हवं ते निवडा. स्ट्रीमिंगवर मात्र साधारणपणे नवीच आवृत्ती मिळते आणि ती बदललेली आहे हे सांगणारी एक ओळसुद्धा कुठे नसते. आज पहिल्यांदा बघणारा माणूस २००६ चं काम १९६६ चं समजून बघतोय. नवे इफेक्ट्स करा, जरूर करा, पण मूळचे तेवढ्याच चांगल्या दर्जात, तेवढ्याच सहज मिळाले पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यावर मी ठाम आहे. तुमचं काय मत?

तारामंडळ

मी तोच 'बघवत नाहीत'वाला प्रतिसाद दिलेला, तेव्हा बोलायला हवं. 'द डूम्सडे मशीन' हा भाग घ्या. गोष्ट अशी की एंटरप्राइझ या मालिकेतल्या मुख्य जहाजासारखंच दुसरं जहाज, कॉन्स्टेलेशन, एका ग्रह खाणाऱ्या यंत्राने उद्ध्वस्त केलंय आणि त्याचा कॅप्टन एकटाच उरलाय, सगळी माणसं गमावून. १९६७ मध्ये ते जहाज म्हणजे दुकानात मिळणारं एएमटीचं प्लॅस्टिक मॉडेल किट होतं, वितळवून-ठोकून मोडकं केलेलं. नंबरसुद्धा किटमधलेच आकडे फिरवून टाकलेला, १७०१ चं १०१७. एंटरप्राइझचं मोठं मॉडेल ११ फुटी, हे त्याच्यापुढे एवढंसं, आणि पडद्यावर ते कळतंच. नव्या आवृत्तीत त्या जहाजाचं नुकसान खरोखर भयंकर दिसतं, पत्रा फाटलेला, आत मजले उघडे पडलेले. त्या कॅप्टनचं कोसळणं मग जास्त पटतं. गोष्ट तीच, नट तेच, संवाद तेच, फक्त कमी पैशांत नि आठवड्याला एक भाग काढायच्या घाईत जे जमलं नाही ते आता जमलं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात मोडकं जहाज होतं, प्लॅस्टिकचं किट नव्हतं.

नंबर १०१७ च ठेवलाय नव्यातही, हे मला फार आवडलं.

ऑप्टिकल_प्रिंटर

तारामंडळ, डूम्सडे मशीनबद्दल तुमच्याशी सहमत, तो भाग नव्या इफेक्ट्सच्या बाजूने सगळ्यात मजबूत पुरावा आहे. पण तो अपवाद आहे असं माझं मत. एरवीचे एंटरप्राइझचे शॉट्स शेजारी शेजारी लावून बघा. ११ फुटी मॉडेल ही खरी वस्तू होती, लाकूड नि प्लॅस्टिकची, तिच्यावर खरे दिवे पडलेले, खऱ्या भिंगातून कॅमेरा गेलेला. पुढची बशी भिंगाजवळ येते तेव्हा तिचा आकार ज्या पद्धतीने ताणला जातो त्यातून डोळ्याला 'हे अवजड आहे' असं कळतं. २००६ च्या सीजी जहाजात, विशेषतः सुरुवातीच्या भागांत, ते वजन नाहीये. पृष्ठभाग फार गुळगुळीत, प्रकाश सगळीकडे सारखा.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. त्या मॉडेलची डावी बाजू पूर्ण रंगवलेलीच नव्हती, दिव्यांच्या वायरी तिकडून आत जायच्या. म्हणून जहाज जवळपास नेहमी उजव्या बाजूने दिसतं, आणि डावी बाजू हवीच असेल तेव्हा अक्षरं उलटी चिकटवून शूट करायचे आणि फिल्म पलटवायचे. म्हणजे ते जहाज पडद्यावर कसं वळतं, कुठून येतं, या सगळ्याची एक सवय त्या मर्यादेतून तयार झाली आणि तीच मालिकेची ओळख बनली. सीजीत कॅमेरा कुठेही नेता येतो. रीमास्टरवाल्यांनी बराच संयम ठेवला हे खरं, पण जिथे ठेवला नाही तिथे शॉट १९६६ चा वाटत नाही, आणि लगेच पुढच्या कटला आपण पुठ्ठा-प्लायवूडच्या सेटवर परत येतो. तो सांधा मला जुन्या ग्रेनपेक्षा जास्त खुपतो.

आणि हे बघा, सीजी एचडीसाठी रेंडर झालंय, म्हणजे संगणकाने त्याची चित्रं तेवढ्याच तपशिलात काढलीत, आणि तिथेच थांबलंय. उद्या कोणी या मालिकेचं ४के करायला घेतलं तर नटांचे सीन निगेटिव्हवरून पुन्हा स्कॅन होतील, जुने ऑप्टिकल शॉट्ससुद्धा पुन्हा स्कॅन होतील. पण २००६ चे शॉट्स? ते एकतर ताणायचे नाहीतर तिसऱ्यांदा करायचे. ज्याला आपण जुनं म्हणून काढलं ते फिल्मवर टिकून आहे आणि नवंच आधी जुनं होणार.

मृगशीर्ष

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे!! आणि म्हणूनच मला नेक्स्ट जनरेशन या स्टार ट्रेकच्याच पुढच्या मालिकेचं रीमास्टरिंग या सगळ्यात आदर्श वाटतं, त्यावर कोणीच कसं बोललं नाही अजून.

ती मालिका १९८७ ते १९९४. शूटिंग ३५ एमएमवर, मॉडेल्सही फिल्मवर, पण एडिटिंग आणि इफेक्ट्स जोडण्याचं काम सगळं व्हिडिओ टेपवर, म्हणजे तयार भाग फक्त ५२५ रेषांच्या एनटीएससी व्हिडिओत अस्तित्वात. एचडी करायचं तर करणार काय, तयार भागाची फिल्म मुळात नाहीच. तर त्यांनी काय केलं, गोदामांतून मूळ निगेटिव्हच्या पेट्या काढल्या, प्रत्येक भागाचा प्रत्येक कट शोधून सगळी मालिका पुन्हा एडिट केली. आणि इफेक्ट्ससाठी मॉडेलच्या मूळ फिल्म्स शोधल्या. मोशन कंट्रोल, म्हणजे तीच हालचाल हुबेहूब पुन्हा करणाऱ्या, कॅमेऱ्याने एकाच हालचालीचे अनेक पास घेतलेले असायचे, एक जहाजाच्या अंगाचा, एक खिडक्यांच्या दिव्यांचा, एक इंजिनांच्या उजेडाचा वगैरे. हे सगळे पास स्कॅन करून संगणकावर नव्याने जोडले. म्हणजे आयएलएम या इफेक्ट्स कंपनीने बनवलेलं तेच सहा फुटी मॉडेल, तोच प्रकाश, तीच हालचाल, फक्त जोडकाम आजचं. रेघा नाहीत, गढूळपणा नाही.

सीजी वापरलं ते जिथे फिल्मवर काही नव्हतंच तिथे. फेजरचे (जहाजाच्या शस्त्राचे) किरण व्हिडिओवर काढलेले होते ते नव्याने काढावे लागले, ग्रह नव्याने केले, 'क्रिस्टलाइन एंटिटी' हा स्फटिकासारखा अवकाशातला जीव तर मुळातच त्या काळातलं सीजी होतं, ती परत बांधली. काही थोड्या सेकंदांची फिल्म सापडलीच नाही तिथे जुना व्हिडिओ ताणून वापरलाय, आणि तसं ते उघडपणे सांगितलंय. मी ते सेकंद बघताना अजिबात नाराज झाले नाही, उलट विश्वास वाढला.

२०१२ च्या जुलैत पहिला सीझन ब्लू-रेवर आला, २०१४ च्या डिसेंबरात सातवा. म्हणजे करता येतं. मूळ काम न पुसता ते चांगलं दाखवता येतं.

तारामंडळ

मृगशीर्ष, करता येतं पण परवडतं का? विक्री अपेक्षेएवढी झाली नाही असंच तेव्हा सगळीकडे वाचलेलं, आणि डीप स्पेस नाइन आणि व्हॉयेजर अजून जुन्या व्हिडिओतच पडून आहेत. तुमचा आदर्श मार्ग इतका महाग की पुढच्या दोन मालिकांच्या नशिबी काहीच आलं नाही. मला विचाराल तर डीप स्पेस नाइनच्या लढाया नव्या सीजीत करून मालिका एचडीत मिळणार असेल तर मी आज हो म्हणेन.

मृगशीर्ष

मीही हो म्हणेन, कारण तिथे शेवटच्या सीझन्सच्या मोठ्या लढाया बहुतेक सीजीच होत्या आणि त्या साध्या व्हिडिओच्या रिझोल्युशनला रेंडर झाल्यात. तिथे सीजी काढून सीजी घालायचंय. पण सुरुवातीच्या सीझन्समधल्या स्टेशनच्या मॉडेलला कोणी हात लावू नये, त्याची फिल्म असेल तर तीच स्कॅन करा.

रेंडरफार्म

सीजी काढून सीजी घालणं एवढं सोपं नाही ताई. मी या धाग्यावर येण्याचं कारणच बॅबिलॉन ५.

ही मालिका (पायलट, म्हणजे चाचणीचा पहिला भाग, १९९३, मग १९९४ ते ९८) मॉडेल्सच्या वाटेला गेलीच नाही. फाउंडेशन इमेजिंगच्या रॉन थॉर्नटनच्या टीमने अमिगा संगणक, व्हिडिओ टोस्टर आणि लाइटवेव्ह वापरून जहाजं केली, घरात ठेवता येतील असल्या मशीनवर, आणि पायलटला इफेक्ट्सचं एमी मिळालं. तेव्हा टीव्हीवर अवकाशातली लढाई अशी कोणी दाखवलीच नव्हती. स्टारफ्युरी विमान जडत्वाने पुढे जातंय आणि गर्रकन फिरून मागे गोळ्या झाडतंय, हवा नाही तर विमानासारखं वळेल कशाला, हे त्यांनी विचार करून केलेलं. मोशन कंट्रोलवर तसल्या हालचालींनी भरलेली लढाई आठवड्याच्या बजेटमध्ये जमलीच नसती.

आता अडचण. नटांचे सीन फिल्मवर, पुढेमागे वाइडस्क्रीन करता येईल अशा बेताने घेतलेले. पण सीजी रेंडर झालं ४:३ मध्ये, व्हिडिओच्या रिझोल्युशनला. आणि नंतर त्या मॉडेल्सच्या आणि सीन्सच्या फायली स्टुडिओने नीट जपल्या नाहीत. डीव्हीडी काढताना वाइडस्क्रीन करायचं म्हणून इफेक्ट्सचे शॉट्स वरून-खालून कापून ताणले, आणि नट जिथे सीजीबरोबर एकाच शॉटमध्ये आहेत तिथे तर शॉट सुरू झाला की चित्र एकदम धुरकट होतं, शॉट संपला की परत स्वच्छ. बघताना दर वेळी लक्ष तिथेच जातं.

२०२१ ला जी नवी आवृत्ती आली त्यात त्यांनी ४:३ ठेवलं, फिल्म परत स्कॅन केली आणि सीजी फक्त अपस्केल केलं, म्हणजे आहे तेच चित्र मोठं केलं. नवं काही घातलं नाही. सीजी मऊ दिसतं, पण कापलेलं नाही, ताणलेलं नाही, थॉर्नटनच्या लोकांनी जशी फ्रेम रचली तशीच दिसते. मला हा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटला. फायली हरवल्यावर 'नवं करू' म्हणणं म्हणजे सगळी जहाजं अंदाजाने परत बांधणं, आणि आजचा कलाकार कितीही चांगला असला तरी स्टारफ्युरी कधी आणि किती वेगात फिरते हा त्याचा अंदाज असणार, त्यांचा निर्णय नसणार.

फिल्मग्रेन

रेंडरफार्म, मी धागा काढताना मॉडेल विरुद्ध सीजी एवढंच डोक्यात ठेवून लिहिलं होतं, तुमच्या प्रतिसादाने त्याला बाजू फुटली. १९९३ चं सीजी हेही हाताने केलेलं काम आहे आणि तेही तेवढंच जपायला हवं. फिल्म निदान डब्यात पडून राहते हो, हार्ड डिस्कवरचं काम कोणी कॉपी केलं नाही तर संपलं.

कॅथोड

ब्रिटिश मालिकांचं कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो.

डॉक्टर हू ची गोष्ट पूर्ण वेगळी आहे कारण तिथे मागे जायला फिल्मच नाही. स्टुडिओतले सीन ६२५ रेषांच्या व्हिडिओवर (सुरुवातीच्या वर्षांत तर ४०५), फक्त बाहेरचे सीन १६ एमएम फिल्मवर. स्टुडिओतला भाग कितीही स्कॅन करा, एचडी निघणार नाही. 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस' (१९७०) ही एकच जुनी कथा संपामुळे पूर्ण १६ एमएमवर शूट झाली म्हणून ती खऱ्या एचडीत आली. बाकी बीबीसीने टेपा पुसल्या, अनेक भाग परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म प्रतींवरूनच उरले.

तिथे जे रिस्टोरेशन झालं ते मला या सगळ्या चर्चेत सगळ्यात हुशारीचं वाटतं. फिल्म प्रत काढली की व्हिडिओची सेकंदाला ५० फील्ड्सची (फील्ड म्हणजे अर्ध्या रेषांचं चित्र) सलग हालचाल जाऊन २५ फ्रेमची तुटक हालचाल राहते. विडफायर नावाची प्रक्रिया मधल्या फील्ड्स संगणकाने तयार करून ती मूळची हालचाल परत आणते. संगणकानेच तयार केलेलं चित्र आहे की तेही, प्रत्येक दुसरं फील्ड नवं आहे! पण हेतू हा की त्या रात्री घरी बसून लोकांनी जे बघितलं ते परत दिसावं. म्हणून माझा प्रश्न 'संगणक वापरला का' हा नसतोच, तो कशाकडे नेण्यासाठी वापरला हा असतो.

आणि नवे इफेक्ट्स त्यांनीही केले. 'द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ' (१९६४) च्या २००३ च्या डीव्हीडीत उडती तबकडी सीजीत आहे. 'डे ऑफ द डालेक्स' (१९७२) मध्ये शेवटच्या हल्ल्याला फक्त तीन डालेक (डॉक्टरचे यंत्रासारखे दिसणारे शत्रू) होते कारण तेवढेच उपलब्ध होते, २०११ च्या खास आवृत्तीत ती फौज वाढवली, आवाजही नव्याने केले. पण हे सगळं ऐच्छिक. डिस्क लावली की मूळ कथा आहे तशी आहे, नवी हवी तर निवडा.

याच्या उलट रेड ड्वार्फ ही विनोदी साय-फाय मालिका. १९८८-८९ च्या पहिल्या तीन सीरीज १९९८ मध्ये रीमास्टर केल्या: मॉडेल्स काढून सीजी जहाज घातलं, जहाज लांबुळकं केलं, व्हिडिओला फिल्मसारखं दिसावं म्हणून फिल्टर लावला, चित्र कापलं, एडिटिंग बदललं. चाहत्यांना आवडलं नाही. पुढे २००२ पासून डीव्हीडी आल्या त्या मूळ आवृत्तीच्या. आणि २०१२ ला दहावी सीरीज करताना निर्माते स्वतःच परत मॉडेल्सकडे गेले. आज ते १९९८ चं सीजी बघा आणि १९८८ चं मॉडेल बघा, कोण जास्त म्हातारं झालंय ते दोन मिनिटांत कळतं.

तारामंडळ

कॅथोड, डॉक्टर हू ची 'किंडा' विसरलात. १९८२ ची कथा, मनातल्या भीतीची, फार सुंदर लिहिलेली, आणि शेवटी येतो तो गुलाबी फुगवलेला साप. त्या सापामुळे वर्षानुवर्षं लोकांनी त्या कथेकडे दुर्लक्ष केलं. डीव्हीडीवर सीजी साप निवडायची सोय आहे आणि मी ज्यांना ज्यांना ती कथा दाखवली त्यांना तोच निवडून दाखवली. लेखकाने केलेलं काम एका प्रॉपपायी वाया का जावं? इथे मला तरी पुसणं वाटत नाही, त्याला न्याय मिळणं वाटतं.

कॅथोड

किंडाबद्दल सहमत. सोय आहे म्हणूनच सहमत.

ऑप्टिकल_प्रिंटर

सापाला हरकत नाही, पण सीमा कुठे आखायची? स्टार ट्रेकच्या 'अरीना' भागात तो सरड्यासारखा गॉर्न आहे. रीमास्टर करताना त्याच्या डोळ्यांना उघडझाप दिली. छोटीशी गोष्ट, छान दिसतेही. पण तो सूट घालून उन्हात खडकांमध्ये माणसं काम करत होती, त्यांचा अभिनय आहे तो, डोळे स्थिर होते म्हणून त्यांनी मान आणि खांदे वापरून सगळं केलं. त्या गॉर्नच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांनी दुसऱ्या कोणी हालचाल टाकली. अवकाशातलं जहाज बदलणं आणि नटाच्या कामात शिरणं यात मला फार मोठं अंतर वाटतं. 'अमोक टाइम'मध्ये व्हल्कन या ग्रहावरच्या विधीच्या जागेचा नवा लांबून घेतलेला शॉट घातलाय, तो मला चालतो, कारण तिथे कोणाच्या कामावर काही चढवलेलं नाही.

फिल्मग्रेन

ही रेघ पटली. मी त्यात एक भर घालतो. जुने ऑप्टिकल इफेक्ट्स करणाऱ्या कंपन्यांची नावं शेवटच्या पाट्यांवर येतात, हॉवर्ड अँडरसन, वेस्टहायमर वगैरे. त्या लोकांनी आठवड्याच्या मुदतीत, रात्रंदिवस प्रिंटर चालवून हे शॉट्स दिले. नव्या आवृत्तीत नाव त्यांचं दिसतं आणि काम दिसत नाही, हे मला खरंच लागतं. इफेक्ट्सचा इतिहास शिकणाऱ्या मुलाने स्ट्रीमिंगवर बघून १९६६ मध्ये काय जमत होतं हे ठरवलं तर तो पूर्ण चुकीचं शिकेल.

नवतारका

सगळं वाचून काढलं. मी मूळ मालिका अजून बघितलीच नाहीये. ब्लू-रे एका मैत्रिणीकडे आहे. कुठल्या आवृत्तीने सुरू करू?

मृगशीर्ष

मूळ. पहिले चार-पाच भाग तरी. डोळ्याला त्या ग्रेनची सवय झाली की मग तो दिसत नाही.

तारामंडळ

मी नवी म्हणेन, गोष्टीत शिरायला अडथळा नको. पण डूम्सडे मशीन दोन्ही बघा, आधी मूळ.

ऑप्टिकल_प्रिंटर

'बॅलन्स ऑफ टेरर'ने सुरू करा. २००६ ला रीमास्टर्ड म्हणून पहिला दाखवलेला भाग तोच, दोन जहाजांचा एकमेकांना न दिसता चाललेला पाठलाग आहे आणि तणाव जवळजवळ सगळा चेहऱ्यांवर आहे. त्या डिस्कवर भाग चालू असताना रिमोटच्या अँगल बटणाने जुने-नवे इफेक्ट्स अदलाबदल करता येतात. धूमकेतूच्या शेपटीचा सीन येईल तिथे थांबून दोन्ही बघा.

नवतारका

अँगल बटण असतं हेच माहीत नव्हतं. शनिवारी डिस्क आणते, बघून इथेच लिहिते.

फिल्मग्रेन

जरूर लिहा. आणि रेंडरफार्म, १९९३ च्या लाइटवेव्हच्या कामावर तुम्ही वेगळा धागा काढाच, त्या स्टारफ्युरीच्या हालचाली कशा बसवल्या ते सविस्तर वाचायचंय.